उरल्यासुरल्याचें पक्वान्न

इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें तह, लढाया, सनदा आणि सिंहासनें उभीं राहतात. त्या लढायांतील शिपायांचें अन्न ज्या चुलीवर शिजलें, तिच्याकडे पाहण्यास इतिहासकारास सवड नसते. वस्तुतः राज्यें बुडतात, सनदांना वाळवी लागते. परंतु एकदां घरांत शिरलेलें पक्वान्न शतकानुशतकें टिकून राहतें. तें कोठून आलें, कोणीं आणलें, कोणीं बदललें, हें नीट विचारलें तर दप्तरांत सहसा न सांपडणारी हकीकत तें सांगतें. आज आम्ही अशाच एका पक्वान्नाची कुळकथा सांगणार आहों. तें डुकराच्या मांसाचें आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं तें शिजत नाहीं आणि आमच्याही घरीं शिजत नाहीं, हें आरंभींच सांगितलेलें बरें. परंतु जें आपण खात नाहीं त्याचा इतिहासही जाणूं नये, असा कांहीं नियम नाहीं. उलट, ज्या अन्नाला पाहून आपण नाक मुरडलें, त्याच्या इतिहासांत आपलाही थोडा वांटा असतो, असें आम्हांस अलीकडे वाटूं लागलें आहे.

ह्या पदार्थाचें नांव सोरपोतेल. गोव्यांतील ख्रिस्ती कुटुंबांत नाताळ, लग्न किंवा गांवच्या इगर्जीचें फेस्त त्यावांचून पुरें झालेंसें वाटत नाहीं. डुकराचें थोडें मांस व चरबी आणि त्यांजबरोबर काळीज, हृदय, जीभ असे अवयव प्रथम पाण्यांत अर्धवट शिजवून घेतात. मग त्यांचे हरभऱ्यापेक्षां किंचित् मोठे, सारख्या आकाराचे तुकडे करावयाचे; हेंच काम सर्वांत वेळखाऊ. हे तुकडे त्यांच्याच चरबींत परतावयाचे, आणि सुक्या तांबड्या मिरच्या, जिरें, मिरीं, लवंग, दालचिनी, हळद, आलें व लसूण हीं विनागरांत, म्हणजे माडाच्या सुरेपासून केलेल्या आंबट शिरक्यांत, वाटून त्या वाटणांत मंद विस्तवावर शिजवावयाचे. जुन्या रीतींत डुकराचें रक्तही त्यांत पडत असे. पुष्कळ घरांनीं आतां तें सोडून दिलें आहे. एवढें झाल्यावरही तो पदार्थ लागलीच वाढीत नाहींत. रोज एकदां ऊन करून तो दोन-तीन दिवस मुरूं देतात आणि मग तांदुळाच्या फुगीर, वाफविलेल्या सान्नांबरोबर पानांत वाढतात.

आमची ह्या पदार्थाशीं पहिली गांठ मोठ्या लाजिरवाण्या रीतीनें पडली. कॉलेजांत असतांना आमचा एक वर्गबंधु बार्देशांतील होता. नाताळच्या सुटींत त्यानें आम्हांस आपल्या घरीं नेलें. जेवणाच्या वेळीं त्याच्या आईनें मोठ्या हौसेनें मातीचें भांडें आणून मध्यें ठेवलें. आम्ही हें खात नाहीं, असें आम्हीं सांगितलें. तें ठीकच होतें. पण तेवढ्यावर न थांबतां, आमचा भात कोणत्या भांड्यांत शिजला, असा प्रश्न आमच्या तोंडून निघून गेला. मित्र ओशाळला. त्या माउलीनें मात्र शांतपणें उत्तर दिलें, "पुता, भियेनाका, तुजें आयदन वेगळें आसा." मुला, भिऊं नकोस, तुझें भांडें वेगळें आहे. आम्हीं विचारण्यापूर्वींच तिनें तें वेगळें केलें होतें. आमच्यासारख्यांच्या मनांत काय येतें, हें तिला कोणीं सांगावें लागलें नव्हतें. तें तिला कसें ठाऊक होतें, हें समजावयास आम्हांस पुढें पुष्कळ वाचावें लागलें.

प्रथम 'उरल्यासुरल्या'चाच विचार करूं. चांगलें मांस वापरून झाल्यावर जें उरतें तें फेंकून न देतां गरिबांनीं त्याचा हा पदार्थ बनविला, असें सामान्यतः सांगण्यांत येतें, आणि आम्हींही त्याच समजुतीला अनुसरून ह्या लेखास नांव दिलें आहे. परंतु ही समजूत अर्धीच खरी आहे. सोरपोतेलाचें मूळ पोर्तुगालच्या आलेंतेजु प्रांतांत आहे. टागस नदीच्या पलीकडचा प्रदेश, असाच ह्या नांवाचा अर्थ. तेथें बुचाच्या ओकांचीं विरळ रानें आहेत आणि त्या झाडांचीं फळें खाऊन डुकरें पोसतात. हिंवाळ्यांत एक दिवस ठरवून घरचें डुकर मारण्याची तेथील खेड्यांतून रीत होती. त्या दिवशीं शेजारीपाजारी मदतीस जमत. मांड्या मिठांत घालून ठेवावयाच्या, मांस मसाल्यांत कालवून आंतड्यांत भरावयाचें व धुरावर टांगावयाचें, चरबी वितळवून भांड्यांत भरावयाची; ह्या सांठ्यावर कुटुंबाचें वर्ष निघत असे. पण रक्त, काळीज, हृदय हीं टिकत नाहींत. तीं त्याच दिवशीं, फार तर दुसऱ्या दिवशीं, शिजलींच पाहिजेत. म्हणून मदतीस आलेल्यांसाठीं चुलीवर चढणारें भांडें त्यांचेंच असे. तेव्हां सारापातेल हें शेवटीं उरलेल्याचें अन्न नव्हे, तर सर्वांआधीं खावें लागणाऱ्याचें अन्न होय. त्यामागें दारिद्र्यापेक्षां हिशेब अधिक आहे. अप्पर आलेंतेजुंत आज हा पदार्थ डुकराऐवजीं कोंकरूं किंवा करडूं ह्यांच्या काळीज-रक्ताचा, विशेषतः ईस्टरच्या सुमारास, करतात. परंतु त्यामागील हिशेब तोच आहे.

हा हिशेब एकट्या पोर्तुगालचा नव्हे. इ. स. १६८३ पासून जर्मन लोक अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनियांत वसूं लागले. डुकर मारण्याच्या दिवशीं डोकें, काळीज व इतर तुकडे उकळून, त्या पाण्यांत मक्याचें व कुटूचें पीठ शिजवून ते त्याच्या वड्या थापीत. तिकडे त्याला स्क्रॅपल म्हणतात. त्या वड्या गार झाल्यावर कापून तव्यावर तळावयाच्या आणि त्या दिवशींच्या सॉसेजांबरोबर शेजाऱ्यांच्या घरीं वानवळा म्हणूनही धाडावयाच्या, अशी त्यांची चाल होती. आपल्याकडे पहिल्या विणीच्या गाईचा खरवस शेजारीं जातो, त्यांतलाच हा प्रकार. जें टिकत नाहीं तें वांटून खावें, हें शहाणपण सर्व देशांच्या शेतकऱ्यांना सारखेंच सुचलें.

परंतु आलेंतेजुचें तें भांडें गोव्यांत आलें तें केवळ शेतकऱ्याचें शहाणपण घेऊन आलें नाहीं. स्पेन-पोर्तुगालांत त्या काळीं डुकराच्या मांसास एक निराळाच अर्थ आला होता. इ. स. १४९६ मध्यें पोर्तुगालच्या मानुएल राजानें यहुदी व मुसलमान ह्यांस देश सोडण्याची आज्ञा केली, आणि पुढच्याच वर्षीं असंख्य यहुद्यांचा बळजबरीनें बाप्तिस्मा उरकण्यांत आला. अशा बाटलेल्यांस 'नवे ख्रिस्ती' म्हणत. ते मनांतून जुनाच धर्म पाळतात कीं काय, हें ओळखण्याच्या ज्या खुणा धर्मन्यायालयानें जाहीर केल्या, त्यांत शनिवारीं स्वच्छ वस्त्रें नेसणें ही एक होती, आणि डुकराचें मांस टाळणें ही दुसरी. शेजाऱ्याच्या चुलीवर काय शिजतें, ह्यावर माणसाचा जीव अवलंबूं लागला. स्वयंपाकघर ही साक्षीदाराची जागा झाली.

इ. स. १५१० मध्यें आल्बुकेर्कनें गोवा घेतलें आणि १५६० मध्यें तेंच धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, गोव्यांत स्थापन झालें. मधलीं चार वर्षें सोडल्यास १८१२ पर्यंत तें चालू होतें. त्याचा पहिला रोख नव्या ख्रिस्त्यांवर होता. हिंदुस्थानांतील औषधी वनस्पतींवर १५६३ सालीं गोव्यांत ग्रंथ छापणारा प्रसिद्ध वैद्य गार्सिया द ऑर्ता ह्याची बहीण १५६९ मध्यें जिवंत जाळली गेली, आणि खुद्द ऑर्ताचीं हाडें मृत्यूनंतर थडग्यांतून उकरून १५८० मध्यें जाळण्यांत आलीं. पुढें हिंदूंतून ख्रिस्ती झालेल्यांच्या घरांकडे हें न्यायालय वळलें. अनंत काकबा प्रियोळकर ह्यांनीं गोव्यांतील इन्क्विझिशनवर १९६१ सालीं इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत १७३६ सालचा एक हुकूमनामा दिलेला आहे. त्यांतील निषिद्ध गोष्टींच्या लांबलचक यादींत, हिंदूंच्या रीतीप्रमाणें मीठ न घालतां भात शिजवूं नये, असेंही एक कलम आहे. भाताच्या हंडींत मीठ केव्हां पडतें, ह्यावर जेथें सरकारची नजर आहे, तेथें डुकराचें मांस शिजणें ही साधी आवड राहत नाहीं. तो एक जबाब होतो, आणि तो रोज द्यावा लागतो.

येथपर्यंतची हकीकत आपल्या लोकांस ऐकावयास आवडते. कारण तींत दोष सर्वस्वीं परक्यांचा आहे. परंतु हकीकत येथें संपत नाहीं. वसईपासून गोव्यापर्यंत एक आख्यायिका लहानपणापासून सर्वांनीं ऐकलेली असते: पाद्र्यानें विहिरींत पाव टाकला, लोक न कळत तें पाणी प्याले, आणि सारा गांव बाटला. ही गोष्ट अक्षरशः खरी असो वा नसो, तिचा अर्थ विचार करण्याजोगा आहे. पावानें पाण्याचें कांहींच झालें नाहीं. पाद्र्यानें फक्त तुकडा टाकला. ते लोक आतां आपले नव्हेत, हा निकाल दिला तो शेजारच्या गांवानें, त्यांच्याच सोयऱ्याधायऱ्यांनीं. एका बाजूनें डुकर खा म्हणून पुढें ढकललें, तर दुसऱ्या बाजूनें खाल्लेंत म्हणून दार लावून घेतलें. त्या दोन भिंतींमध्यें जी माणसें राहिलीं, त्यांच्या चुलीवर सोरपोतेल शिजलें.

आणि त्या दाराचा अडसर तरी कसला होता? मनूनें द्विजांस जे पदार्थ वर्ज्य सांगितले, त्यांत गांवडुकर आहे, हें खरें. गांवांतील डुकरें घाणीवर पोसत, गोव्यांतही पोसत. तेव्हां त्यांची किळस येण्यास सबळ कारण होतें, हेंही खरें. परंतु मनूच्या त्याच यादींत लसूण आहे, कांदा आहे, अळंबी आहे आणि गांवठी कोंबडाही आहे. ह्यांपैकीं किती जिन्नस आज आपल्या घरांतून हद्दपार आहेत, हें प्रत्येकानें आपापल्या स्वयंपाकघरांत डोकावून पाहावें. ज्या पावानें सारा गांव बाटला म्हणतात, तो पाव नांवानिशीं पोर्तुगीज असून आज मिसळीबरोबर आणि वड्याबरोबर महाराष्ट्राचें अन्न होऊन बसला आहे. बटाटा, काजू, अननस, कोबी हे शब्दही त्याच गलबतांतून उतरले, आणि बटाट्यास तर आपण उपासाच्या फराळांत जागा दिली. म्हणजे परकें अन्न पचविण्याची शक्ति आपल्यांत नव्हती असें नाहीं. जीं माणसें तें आधीं खाऊं लागलीं त्यांस परत घेण्याची शक्ति नव्हती.

आतां त्या दोन भिंतींमधील घरांत काय घडलें तें पाहूं. आलेंतेजुची थंडी गोव्यांत नाहीं. हिंवाळ्यांतही येथें मांस दुसऱ्या दिवशीं नासतें. मूळ पदार्थांत शिरका होता तो मुख्यतः रक्त गोठूं नये म्हणून. ताज्या रक्तांत तो मिसळून ढवळीत. तो द्राक्षांच्या मद्याचा असे. गोव्याच्या बायकांनीं त्याच्या जागीं माडाच्या सुरेचें विनागर घेतलें. रेंदेर माडावर चढून जी सूर उतरवितो, ती ठेवल्यास आपोआप आंबते. हें विनागर त्यांनीं वाटणांत सढळ हातानें घातलें, वर मीठ, वर मिरची. आणि रोज ऊन करण्याची शिस्त पाळली. आम्लांत सडविणारे सूक्ष्म जंतु वाढत नाहींत, आणि थिजलेल्या चरबीचा थर वरून हवा लागूं देत नाहीं. परिणाम असा झाला कीं, डुकराचे जे अवयव सर्वांत लवकर नासतात, त्यांचाच सर्वांत टिकाऊ पदार्थ तयार झाला. त्याच दिवशीं खावें लागणारें अन्न आतां तिसऱ्या दिवशीं अधिक चांगलें लागूं लागलें. सारापातेलाचें सोरपोतेल झालें तें केवळ उच्चारांत नव्हे.

ह्या क्रियेस आपल्या भाषेंत अगदीं नेमका शब्द आहे: मुरणें. लोणचें मुरतें, मुरंबा मुरतो. शिळें आणि मुरलेलें ह्यांतील फरक आपल्या गृहिणींस शिकवावा लागत नाहीं. गोव्यांतील त्या बायकांनाही तो शिकवावा लागला नव्हता. धर्म बदलला तेव्हां त्यांच्या हातची लोणच्याची बरणी कोणीं काढून घेतली नव्हती. हुकूमनाम्याला भातांतलें मीठ पकडतां आलें, पण सोरपोतेलांत शिरलेली लोणच्याची विद्या त्याच्या ध्यानांत आली नाहीं. पाटा-वरवंटा, हळद, जिरें आणि सूर हीं इथलींच होतीं. मिरची तेवढी दूरची. अमेरिकेंतली ही वनस्पति पोर्तुगीजांबरोबरच इकडे आली, आणि तिनें आपलें नांव मिऱ्यावरून घेतलें. ज्या मिऱ्यांसाठीं, दालचिनीसाठीं, लवंगांसाठीं पोर्तुगीज गलबतें निघालीं, तींही त्याच वाटणांत पडतात. जेत्यानें आज्ञा केली असेल एका पदार्थाची. जितांनीं शिजविला तो दुसराच. आज तो पाहून पोर्तुगालच्या शेतकऱ्यास आपलें भांडें ओळखूं येईल कीं नाहीं, ह्याचा आम्हांस संशय आहे.

हाच पदार्थ पोर्तुगीजांनीं ब्राझिलांतही नेला. तेथील ईशान्य भागांत, पेर्नांबुकु व बाईया ह्या प्रांतांत, सारापातेल अजून लोकप्रिय आहे. तें कसाव्याच्या पिठाबरोबर खातात. ब्राझिलांत काळ्या घेवड्याचा व डुकराच्या कान-पायांचा फेजुआदा म्हणून दुसरा एक पदार्थ आहे. मालकांनीं टाकलेल्या तुकड्यांतून गुलामांनीं तो निर्माण केला, अशी तिकडे सर्वतोमुखीं कथा आहे. लुईस द कामारा कास्कुदु ह्या त्यांच्या पंडितानें १९६७ मध्यें निघालेल्या ब्राझिली आहाराच्या इतिहासांत ही कथा मानली नाहीं. युरोपांतील मांस-कडधान्यांच्या जुन्या पदार्थांतच त्यानें फेजुआद्याचें मूळ दाखविलें. कान व पाय हे मालकही आवडीनें खात. इतिहासाच्या अभ्यासकानें ह्यांतून धडा घ्यावा तो हा कीं, कोणताही पदार्थ 'उरल्यासुरल्याचा' म्हणण्यापूर्वीं तो कोणाच्या दृष्टीनें उरलासुरला, हें विचारावें. ज्यास काळीज आवडत नाहीं, त्यास तें उरलेलें वाटतें.

गोव्यांतून सोरपोतेल माणसांबरोबर हिंडलें. जीं ख्रिस्ती कुटुंबें गोवा सोडून मंगळूरकडे गेलीं, त्यांच्या वंशजांच्या सणांत तें आहे. मुंबईंत धोबीतलाव, माझगांव ह्या भागांत गोवेकर खलाशी, आचारी व वाजंत्री आपापल्या गांवच्या कुडांतून राहत. त्यांच्याबरोबर तें मुंबईस आलें. १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं जिंकून घेण्यापूर्वीं वसई दोनशें वर्षें पोर्तुगीजांकडे होती. त्या मुलखांतील व मुंबई-साष्टींतील ज्या ख्रिस्ती लोकांनीं १८८७ मध्यें ईस्ट इंडियन हें नांव घेतलें, त्यांच्या घरांतही सोरपोतेल शिजतें. मसाला मात्र त्यांचा स्वतःचा, उन्हाळ्यांत कांडून बाटल्यांत भरून ठेवलेला. त्यांची बोली मराठी आहे. तेव्हां ह्या पदार्थाशीं मराठी भाषेचा संबंध नाहीं, असें कोणासही म्हणतां येणार नाहीं. मराठींत गाणीं म्हणत लग्नें लावणाऱ्या घरांत तो शिजतो.

एक गोष्ट मात्र त्या भांड्यानें साधली नाहीं. गोव्याच्या ख्रिस्ती समाजांत बामण, चार्दो, सुदीर हे भेद धर्मांतरानंतरही राहिले. एकाच फेस्ताला एकच पक्वान्न खाणाऱ्यांनीं सोयरीक जोडतांना जाति पाहिली. सोरपोतेलानें हिंदु शेजारी दूर गेला, पण जाति गेली नाहीं. अन्नाच्या बळावर माणसें तोडणें सोपें आणि जोडणें कठीण, हें येथेंही दिसून आलें.

आम्हीं वर जी कृति दिली आहे, ती कोणत्याही पुस्तकांतून घेतलेली नाहीं. पहिल्या भेटीनंतर कांहीं वर्षांनीं बार्देशांतील त्याच घरीं जाण्याचा पुन्हां योग आला. ह्या खेपेस आम्हीं भांड्याविषयीं न विचारतां कृति विचारली. म्हातारी प्रथम हंसली. मग विनागर किती जुनें असावें, तुकडे केवढे असावेत, मिरच्यांचें बीं कां काढावें, हें सांगण्यांत तिची दुपार गेली. तिच्या बोलण्यांत पोर्तुगीज राजा आला नाहीं आणि धर्मन्यायालयही आलें नाहीं. तिची आई तुकडे किती बारीक करीत असे, आणि तेवढे आपल्या हातून कधींच होत नाहींत, एवढीच खंत तिनें दोन वेळां बोलून दाखविली.

आम्हीं सोरपोतेल त्याही दिवशीं खाल्लें नाहीं. जन्माची संवय सहज सुटत नाहीं, आणि त्या माउलीनेंही आग्रह केला नाहीं. आमचें भांडें तिनें पूर्वींप्रमाणेंच वेगळें ठेवलें होतें. निघतांना तिनें घरच्या विनागराची एक बाटली आमच्या हातीं दिली. ती आम्हीं घरीं आणली. आमच्या आईनें ती उघडून वास घेतला, कशाची म्हणून विचारलें, आणि माडाची म्हटल्यावर कांहीं न बोलतां फडताळांत लोणच्याच्या बरण्यांशेजारीं नेऊन ठेवली.